पंचवीस फेऱ्या

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच अट घातली : आठवणींचा पसारा नको, काहीतरी इतिहासाचे लिही. आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितात, तेव्हा अट मला सोयीचीच होती. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यातली एकोणीस वर्षे जिमखान्याची जबाबदारीही सांभाळली. माझ्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या घेणारी मुले पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतात, हे मी तिथे पाहिले. त्यांना वेळेवर उठायला कोण लावते? आणि वेळेवर उठणारा मुलगा शहाणाही होतो का? या दोन प्रश्नांचा आपल्या नाशिकपुरता धांडोळा मी येथे घेतो आहे.

सुरुवात निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्यापासून करावी लागेल. गोदाकाठचे हे गाव मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर यांचे गाव म्हणून ओळखले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब हे निजामाच्या मुलखातले दोन मल्ल आले आणि त्यांनी पेशव्यांच्या पैलवानांना आव्हान दिले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटाने आव्हान घेतले. पण तो लगेच हौद्यात उतरला नाही. वणीच्या गडावर जाऊन त्याने सप्तशृंगीची उपासना केली, तिथे मारुतीने वानररूपात लाकडी खांबावरचे पेच दाखवले, आणि मग त्याने अलीला चीत केले. गुलाबने कुस्ती धरलीच नाही. यात आख्यायिका किती आणि इतिहास किती हे वेगळे काढणे अवघड आहे. मला मात्र तिच्यातला गडावर जाण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. दरबारात सगळ्यांसमोर 'हो' म्हटल्यावर विशीतल्या पोराला लगेच झोंबण्याची खुमखुमी येते. ती आवरून तयारीला वेळ देणे, हे ज्याने ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला सांगण्यासारखे वाटले.

मल्लखांबाची घडणही तशीच आहे. खांब ढकलत नाही, फसवत नाही, चिडत नाही. हात सुटला तर चूक आपलीच. समोर माणूस नसल्यामुळे शिकणाऱ्याला राग काढायला जागा राहत नाही. बाळंभटदादांच्या शिष्यांनी ही विद्या दूरवर नेली. कोंडभटनाना गोडबोल्यांमुळे ती काशीपर्यंत पोहोचली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली.

तालमीतली शिस्त वेगळ्या वाटेने येते. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. हातात फावडे देतो. हौद्यातली लाल माती उकरायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची, झाडलोट करायची, मोठ्या पैलवानांना मालिश करायची. मग केव्हातरी जोर-बैठका, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी पहिला डाव. खाणे, झोपणे, कोणाशी बोलायचे, जत्रेतल्या कुस्त्यांना कधी उतरायचे, सगळे वस्तादाच्या हुकमाने. अंगात ताकद येण्याआधी नम्रता आली पाहिजे, असा तो हिशेब असतो. ताकदवान आणि अडाणी माणूस गावाला परवडत नाही, हे तालमी चालवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. या पद्धतीत एक उणीवही आहे. वस्ताद आहे तोवर शिस्त आहे. तो गेला, किंवा पोरगा नोकरीला शहरात गेला, की खुराक तोच राहतो आणि मेहनत सुटते. मग पोट कुठपर्यंत येते ते आपण आपल्याच बॅचमधल्या एकदोघांकडे पाहून जाणतो. (ते दोघे हा लेख वाचतील आणि हसतील, अशी आशा आहे.)

विसाव्या शतकात वस्तादाच्या शेजारी आणखी एक माणूस येऊन उभा राहिला : शिट्टी गळ्यात घातलेला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा काढली, तिथून पुढे व्यायामशिक्षकांच्या पिढ्या तयार झाल्या. मद्रासला हॅरी बक या अमेरिकन माणसाने १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. हेच बक १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारतीय संघाबरोबर गेले होते. मुंबई इलाख्यात कांदिवलीची संस्था १९३८ मध्ये उभी राहिली. आपल्या लहानपणी महाराष्ट्रातल्या शाळांमधून जे पी.टी.चे शिक्षक होते, त्यांच्यातले बरेचसे अशाच कुठल्या तरी संस्थेतून शिकून आलेले असत. नाशकात डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. मुंज्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद पुष्कळ आहेत आणि ते या लेखाचे काम नाही. पण कवायत, घोडेस्वारी, वेळेची घंटा आणि मोठे मोकळे मैदान या गोष्टी त्या शाळेमुळे शहराच्या पश्चिमेला रुजल्या. त्या मैदानाचा पुढे वेगळाच उपयोग झाला. त्याकडे मी येतोच.

कवायतीच्या शिस्तीने आपल्याला रांगेत उभे राहायला शिकवले, हे मान्य करायलाच हवे. पन्नास मुले एका ठेक्यात हात वर करतात तेव्हा त्यातला सर्वांत भित्रा मुलगाही क्षणभर भित्रा राहत नाही. तिची दुसरी बाजू मला जिमखान्यात गेल्यावर दिसली. कॉलेजात प्रवेश घेतलेल्या नव्या मुलांना मी विचारायचो, "पळायला आवडतं का?" दहातले सहा-सात नको म्हणायचे. का, तर शाळेत उशीर झाला की ग्राउंडला पाच फेऱ्या, गृहपाठ नसला की दहा फेऱ्या. पळणे म्हणजे शिक्षा, हे त्यांच्या अंगात भिनलेले. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच दंड म्हणून वापरायची, ही आपल्या शिक्षणातली जुनी खोड आहे, आणि ती एखाद्याच शाळेपुरती नव्हती.

कॉलेजातला खेळाडू म्हटला की महाराष्ट्रात पहिले नाव येते खाशाबा जाधवांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा घरच्याच मातीत कुस्ती शिकला, वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. कॉलेजच्या स्पर्धेत त्याची लहानखुरी शरीरयष्टी पाहून त्याला उतरवायला नकार मिळाला, तेव्हा तो थेट प्राचार्यांकडे गेला आणि परवानगी घेऊन आला, असे सांगतात. १९४८ ला लंडनमध्ये तो सहावा आला. मॅटवरची कुस्ती त्याला तेव्हा जवळजवळ नवी होती. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कॉलेज सोडलेल्या या विद्यार्थ्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर कुस्त्या लावून त्यांनी ते पैसे फेडले.

या गोष्टीतल्या घर गहाण ठेवण्याचे आपण फार कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण मला तिच्यातला दुसरा भाग जास्त बोचतो. हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता. तो नियम त्यांच्या वतीने बोलून दाखवणारा कोणीही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता, असे या प्रसंगाबद्दल सांगितले जाते. शिस्त म्हणून खाशाबा उभे राहिले आणि हरले. तरुण खेळाडूने निमूट ऐकावे, असे आपण त्याला शिकवतो. मग त्याच्या बाजूने बोलायला मोठे माणूस जागेवर असणे, हा त्या शिकवण्याचा दुसरा अर्धा भाग आहे. पुढे मी मुलांच्या संघाबरोबर गावोगाव गेलो, तेव्हा नियमपुस्तिका कायम खिशात ठेवायचो.

आता परत नाशिक. त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलकडे जाणारा रस्ता गुजरातच्या सीमेपर्यंत जातो. त्या पट्ट्यात सावरपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. कविता राऊत तिथली. जन्म १९८५. अनवाणी पळता येते, म्हणजे खर्च नाही, म्हणून आपण धावणे निवडले, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. शाळेच्या स्पर्धांमधून ती पुढे आली आणि भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे नाशकात सराव करू लागली. सराव कुठे, तर मी वर म्हटले त्या भोसलाच्या मैदानावर. त्या काळात नाशकात कृत्रिम धावमार्ग नव्हता. माती, खडे आणि पावसाळ्यात चिखल. ज्या शाळेत मुलग्यांना शिपाईगिरीचे धडे द्यायचे म्हणून मैदान राखले गेले, त्या मैदानावर सत्तर वर्षांनी हरसूल, पेठ, दिंडोरी, चांदवडकडच्या मुली पहाटे गोल गोल फिरताना दिसू लागल्या. इतिहासाच्या माणसाला याहून जास्त काय हवे!

दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. ज्यांनी ही शर्यत पाहिली नसेल त्यांना ती कंटाळवाणी वाटण्याची शक्यता आहे, कारण पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच घडत नाही. खरे तर तेव्हाच सगळे घडत असते. पहिल्या तीन फेऱ्यांत अंगात रग असते, प्रेक्षक ओरडत असतात, पुढची बाई दहा पावले पुढे गेलेली असते. तेव्हा तिच्या मागे न धावता आपल्याच गतीने जाणे, हे अठराव्या वर्षी शिकवून येत नाही. अठराव्या फेरीपासून उलटे : पाय जड, मन म्हणते सोड, आणि तिथे मात्र गती धरून ठेवायची. आधी स्वतःला आवरायचे आणि नंतर स्वतःला रेटायचे. कोणत्या फेरीला काय करायचे हे ज्याला कळते तो लांब पल्ल्याचा धावपटू. मैदानावरच्या 'परिपक्वता' या शब्दाचा अर्थ मला याहून सोपा करून सांगता येत नाही.

कविताचे २०१० हे वर्ष या दृष्टीने आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबरमध्ये दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. दहा हजार मीटरला केनियाच्या दोघींच्या मागे ती तिसरी आली. वेळ ३३ मिनिटे ०५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी धावमार्गावरचे भारताचे वैयक्तिक पदक शोधायला १९५८ च्या कार्डिफपर्यंत, मिल्खा सिंगांपर्यंत मागे जावे लागते. त्यानंतर दीड महिन्याने, नोव्हेंबरमध्ये, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने हीच शर्यत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत पूर्ण केली आणि रौप्यपदक घेतले. केरळची प्रीजा श्रीधरन पहिली, ३१ मिनिटे ५०.४७. पंचवीस फेऱ्यांनंतर दोघींमध्ये एका सेकंदाचेही अंतर नव्हते.

दिल्ली ते ग्वांगझू फरक सव्वा मिनिटाच्या आसपास, म्हणजे फेरीमागे सुमारे तीन सेकंद. दीड महिन्यात शरीर एवढे बदलत नाही. शर्यती वेगवेगळ्या असतात, दिल्लीची संथ लागली, हे खरे. तरी दिल्लीत पदकासाठी सावधपणे धावलेली मुलगी दीड महिन्याने शेवटच्या पावलापर्यंत सुवर्णाला भिडते, त्याच्या मागे तिने बेतून खर्च केलेली ताकद होती. त्या वर्षी राष्ट्रीय शिबिरात लांब पल्ल्याच्या धावपटूंना बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह शिकवत. अत्यंत कडक माणूस अशी त्यांची ख्याती. पदकाचे श्रेय नाशिकच्या सिंग सरांचे की शिबिरातल्या निकोलाय सरांचे, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर वाद झालेले मी ऐकले आहेत. वाद निरर्थक आहे. कडक माणसाच्या हाताखाली टिकण्याइतकी तयारी आधी कोणीतरी करून घ्यावी लागते, आणि अनवाणी आलेल्या पोरीला पहिल्या वर्षी जो जपतो त्याचे काम वेगळ्या जातीचे असते.

२०१२ मध्ये कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला, 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव घरोघरी गेले. पण तिची मला सर्वांत लक्षात राहिलेली शर्यत पदकाची नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली आणि ऑलिम्पिक गाठले. ऑगस्टमध्ये रिओत तिला २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले, क्रमांक १२०. स्वतःच्याच वेळेपेक्षा वीस मिनिटांहून जास्त मागे पडत असताना बेचाळीस किलोमीटर पूर्ण करणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी पाय ओढत शर्यत संपवली आहे त्यालाच कळेल. तिथे प्रशिक्षक नसतो, शिट्टी नसते, आणि सोडून दिले तर कोणी बोलणारही नसते.

त्याच भोसलाच्या मैदानावरून मोनिका आथरे २०१७ च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावायला गेली. संजीवनी जाधव तर कॉलेजची विद्यार्थिनी म्हणूनच २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्य घेऊन आली. अंजना ठमके, दुर्गा देवरे, ताई बाम्हणे ही नावेही तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असतील. एका मैदानावर एका माणसाभोवती इतक्या मुली घडतात तेव्हा त्याला योगायोग म्हणत नाहीत.

नावे छापून येतात ती थोड्यांची. माझा संबंध आला तो बाकीच्यांशी. आमच्या कॉलेजात एक प्रशिक्षक मानधनावर येत. नाव लिहिले तर त्यांना आवडणार नाही. मानधन इतके किरकोळ की आकडा सांगायला मला लाज वाटते. त्यांची एक पद्धत मी बरीच वर्षे जवळून पाहिली. नव्या मुलांना ते आधी घड्याळावर पळवत. फेरी नव्वद सेकंदांत म्हणजे नव्वद, अठ्ठ्याऐंशी आली तरी रागावत. "लवकर आलास म्हणून शाबासकी मिळेल वाटलं का? मी नव्वद मागितले होते." काही महिन्यांनी ते घड्याळ खिशात घालत आणि मुलालाच विचारत, "किती लागले?" त्याने सांगितल्यावरच घड्याळ दाखवत. सुरुवातीला अंदाज सात-आठ सेकंदांनी चुकतो. वर्षभरात एकदोन सेकंदांवर येतो. मग तिसरी पायरी : "आज किती फेऱ्या करायच्या ते तू ठरव आणि का ते मला सांग." ताप अंगावर काढून पळणारा मुलगा आणि उगाच नखरे करणारा मुलगा, दोघेही या प्रश्नाला अडखळत. प्रत्येकाकडे दोनशे पानी वही असायची. झोप किती, खाल्ले काय, दुखते कुठे. मुली त्यांच्या पाळीच्या तारखा वहीच्या मागच्या पानावर लिहीत आणि ती पाने फक्त संघाबरोबरच्या मॅडम बघत. मॅडम नसतील तर मुलींचा संघ बाहेरगावी जाणार नाही, हा नियम त्यांनी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळला.

वस्तादाची शिस्त, कवायतीची शिस्त आणि ही वहीची शिस्त यांत फरक कोणता, असे मला कोणी विचारले तर मी हे 'का ते मला सांग' दाखवेन. पहिल्या दोन्हींत मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नसे.

कॉलेजातल्या मुलांचे म्हणून काही प्रश्न असतात, ते प्रशिक्षणाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी आणि आंतरविभागीय स्पर्धा नेमक्या परीक्षेच्या तोंडावर. वसतिगृहाचे जेवण सकाळी दहाला, आणि पोर साडेपाचपासून पळून आलेले. द्राक्षांच्या हंगामात मुले छाटणीला, डिपिंगला मजुरीवर जातात, कारण घरी पैसे पाठवायचे असतात. दिवसभर बागेत उभे राहिलेल्या मुलाकडून संध्याकाळी वेगाचा सराव करून घ्यायचा की त्याला झोपू द्यायचे? आमचे प्रशिक्षक झोपू देत. शिस्त म्हणजे वेळापत्रक, असे समजणारे एक वरिष्ठ त्यावरून त्यांच्याशी फार भांडले होते.

आणि मुलींच्या बाबतीत लग्न. बारावी झाली, एकोणिसावे लागले, की गावाकडून निरोप येतो. पेठ तालुक्यातल्या एका मुलीचे सांगतो. पाच हजार मीटरला ती विद्यापीठाच्या संघात येईल अशी आमची खात्री होती. निवड चाचणीच्या सकाळी ती म्हणाली, नडगी आठ दिवसांपासून दुखते आहे, वहीत लिहिले आहे, आज पळाले तर पुढचे चार महिने जातील. प्रशिक्षकांनी वही पाहिली आणि तिचे नाव मागे घेतले. मी जिमखाना प्रमुख. वर्षभराच्या अहवालात एक ओळ कमी होणार होती. मी काही बोललो नाही. त्याच सुट्टीत तिचे लग्न ठरवायला पाहुणे येणार होते. आम्ही दोघे आणि मॅडम तिच्या घरी गेलो. आम्हाला वाटले होते आपल्याला बोलावे लागेल. बोलली तीच. वडिलांसमोर वही ठेवून म्हणाली, "दादा, दोन वर्षं द्या. पोलीस भरतीला आठशे मीटर असतं. मला किती सेकंद कमी करायचेत ते यात लिहिलंय." वडिलांना वाचता येत नव्हते. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, रोजच्या तारखा बोटाने चाचपल्या आणि विचारले, "रोज लिहितेस?" ती हो म्हणाली. त्यांनी वही तिला परत दिली आणि पाहुण्यांना येऊ नका असा निरोप धाडला.

विद्यापीठाच्या संघात ती शेवटपर्यंत आली नाही. दुसऱ्या प्रयत्नात भरती झाली. आज नाशकात गोल्फ क्लबवर, तपोवनात, कुठल्याही मोकळ्या मैदानावर पहाटे जा, भरतीसाठी पळणारी पोरे-पोरी शेकड्यांनी दिसतील. त्यांतल्या बहुतेकांना प्रशिक्षक नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पहिल्याच आठवड्यात पोटऱ्या फोडून घेतात, बूट दुसऱ्याचे घालतात, निकाल लागला की पळणे बंद करतात. ही मुलगी सुट्टीला गावी येते तेव्हा पाड्यावरच्या अशा दहा-बारा मुलींना रस्त्यावर पळवते. अंतर मोजायला तिने विजेच्या खांबांच्या खुणा धरल्या आहेत. मागच्या दिवाळीत मी आणि आमचे प्रशिक्षक तिच्याकडे फराळाला गेलो होतो. पहाटे धुक्यात एक दमलेली पोर धावत आली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. हिने घड्याळ मुठीत झाकले आणि विचारले, "किती लागले?"